भाड्याच्या खोलीचा कागद

माझ्याकडे येणाऱ्या भाडेकरूंच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. साडीच्या दुकानाची, नाहीतर मेडिकलवाल्याची. तिच्यात आधारकार्डाच्या झेरॉक्स, लाइटची बिलं, मुलाचा शाळेचा दाखला, कुणाचा तरी मृत्यूचा दाखला आणि नशीब असेल तर भाडेपावत्या. मी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते आणि आधी पावत्या बाजूला काढते. नगरच्या दिवाणी न्यायालयात वकिली करताना, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे फी न परवडणाऱ्या पक्षकारांची कामं बघताना, माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या शहरात गरिबाला परवडणारं घर बहुतेक वेळा आधीपासून उभं असतं आणि ते भाड्याचं असतं. नवीन घरं बांधायला योजना आहेत, खाती आहेत, उद्घाटनं आहेत. उभी असलेली स्वस्त खोली टिकवणं हे मात्र कुणाचंच काम नाही.

सरकारदरबारी शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. बोलताना माणसं अजून नगर म्हणतात, मीही तसंच लिहिते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेतीन लाख होती. मुंबई-पुण्याच्या मानाने गाव लहान, त्यामुळे भाडेकरूंचा प्रश्न इथे नसेलच असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्याकडची प्रकरणं दोन भागांतून येतात. एक, जुन्या गावठाणातले वाडे: नालेगाव, माळीवाडा, तोफखाना, झेंडीगेट. दुसरा, एमआयडीसीच्या कडेने नागापूर-बोल्हेगावकडे पसरलेल्या खोल्यांच्या रांगा. वाड्यांतल्या खोल्या दर पावसाळ्यात कमी होत चालल्या आहेत. रांगांमधल्या खोल्या वाढताहेत, पण त्यात कोण, किती भाड्याने आणि कुठल्या अटींवर राहतं याचा कागद नाही.

तोफखान्यातल्या एका वाड्यात विडी वळणाऱ्या एक मावशी राहायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथेच. घरात तेलुगू, बाहेर मराठी. दोन खणांची खोली, पुढे ओसरीचा तुकडा, चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ आणि डोक्यावर माळवद. भाडं महिना साठ रुपये. त्यांच्या पिशवीतल्या पावत्या तारीखवार लावल्या तर सगळ्यात जुनीवर वीस पैशांचं रसीदी तिकीट होतं, सासऱ्यांचं नाव आणि आधीच्या मालकांची सही. मग पुढच्या सगळ्या नवऱ्याच्या नावाच्या. नवरा गेला आणि पावत्या थांबल्या.

“भाडं देता ना मावशी?”

“न्यायची की दर महिन्याला. घेत नाहीत आता. असू द्या म्हणतात, तुमच्याकडून काय घ्यायचं. मला वाटलं, बाईमाणूस एकटं राहिलं म्हणून सोडलं असेल.”

मालकाने भाडं घेणं थांबवलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: थकबाकी साठू द्यायची आणि मग नोटीस काढायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी आपल्याकडे १९४७ चा मुंबईचा कायदा होता. दोन्हींचा गाभा सारखाच. जो भाडेकरू प्रमाणित भाडं आणि कायद्याने ठरलेली वाढ देतो आणि द्यायला तयार असतो, त्याला थकबाकीच्या कारणावरून बाहेर काढता येत नाही. थकलं असेल तर लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावं लागतं. नवरा वारला तरी त्याच्यासोबत त्या घरात राहणारी बायको भाडेकरूच राहते. हे मावशींना ठाऊक नव्हतं. पावतीवर आपलं नाव नाही म्हणजे आपला हक्क नाही, असं धरून त्या राहत होत्या.

त्या महिन्यापासून आम्ही भाडं मनिऑर्डरने पाठवायला लागलो. मनिऑर्डर परत यायची. परत आलेल्या प्रत्येक मनिऑर्डरवरचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा फाइलला लावायचा. हे काम अगदी कंटाळवाणं आहे, त्यात कायद्याचं पांडित्य काही नाही. पण कोर्टात भाडेकरूची ‘देण्याची तयारी’ अशाच शेऱ्यांवरून सिद्ध होते. नवीन वकील मुलींना मी हेच आधी शिकवते. भाषण नंतर, पोस्टाची पावती आधी.

आता त्या वाड्याच्या माळवदाबद्दल सांगायला हवं, कारण स्वस्त घर का पडतं हे तिथे कळतं. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर बारीक लाकडांची किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खोली थंड राहते. पण दरवर्षी पावसाआधी वर जाऊन भेगा बुजवाव्या लागतात, माती धोपटून पाण्याचे उतार नीट करावे लागतात. ते थांबलं की माती पाणी पिते, जड होते, तुळई वाकते आणि पडायची वेळ एखाद्या रात्री येते. दुरुस्ती मालकाची जबाबदारी, हे कायद्यात स्पष्ट आहे. मालकाने टाळली तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. साठ रुपयांच्या खोलीचं वर्षाचं भाडं सातशे वीस. चौथा हिस्सा एकशे ऐंशी. त्यात सिमेंटची एक गोणी येत नाही.

मालकाची बाजूही मी इतक्या जवळून पाहिली आहे की ती टाकून पुढे जाता येत नाही. २००० पासून वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. तेव्हा पन्नास रुपये भाडं असलेली खोली आजही दीडशेच्या आतच आहे. वाड्याचे चार भाऊ हिस्सेदार, त्यातला एक पुण्यात, एक परदेशात, घरपट्टी वाढतेय, आणि सहा खोल्यांचं मिळून येणारं भाडं एका दिवसाच्या गवंड्याच्या मजुरीलाही पुरत नाही. असा मालक वाडा पडायची वाट बघतो, यात त्याच्या स्वभावापेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. मुंबईत हीच कोंडी ओळखून १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा झाला. मालक-भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा, सरकारने त्यात भर घालायची आणि मंडळाने इमारती दुरुस्त करायच्या. सुरुवातीला १९,००० हून अधिक इमारती त्यात होत्या. त्या व्यवस्थेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, संक्रमण शिबिरांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या अडकली. तरी पडक्या भाड्याच्या घराची जबाबदारी सार्वजनिक आहे हे तिथे मान्य झालं. ही सोय मुंबई बेटापुरती. नगर, नाशिक, सोलापूरच्या वाड्यांना तिच्यातलं काही मिळालं नाही.

मावशींच्या वाड्यालाही शेवटी महापालिकेची नोटीस लागली. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना अशा नोटिसा निघतात. महापालिका अधिनियमाचं २६४ वं कलम. भाडेकरूंमध्ये एकच घबराट: वाडा पाडला की आपला हक्क गेला. हे खरं नाही, पण खरं नाही हे सांगणारं माणूस त्या वेळी तिथे असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण तो जमिनीलाही धरून असतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की धोकादायक इमारत रिकामी करण्याआधी कुणाच्या ताब्यात किती क्षेत्र होतं याची नोंद पालिकेने करावी.

ती नोंद करून घ्यायला मी त्या सकाळी वाड्यात गेले होते. पालिकेचे कनिष्ठ अभियंता तरुण होते, घाईत होते, पण ऐकून घेणारे होते. टेपचं एक टोक मावशींच्या नातवाने धरलं. आतली खोली नऊ फूट चार इंच बाय अकरा फूट. मधल्या भिंतीची जाडी दीड फुटाहून जास्त, ती कुणाची धरायची यावर शेजाऱ्यांशी थोडी बोलाचाली. ओसरीचा वाटा, चौकातल्या नळाचा वापर, मागच्या संडासाची वाट. मावशी म्हणाल्या, “साहेब, देवाचा कोनाडा पण धरा, तो खोलीतच आहे.” साहेबांनी कोनाडा मोजला. पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या, मावशींचा अंगठा. त्याची एक प्रत मी तिथेच मागून घेतली.

वाडा उतरवला गेला. जागा आज मोकळी आहे, पत्रे लावून बंद केलेली. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारती पुन्हा बांधताना जादा चटईक्षेत्र मिळतं. त्यावर मालक आणि बिल्डरचं बोलणं चालू आहे, आणि भाडेकरूंच्या नावांची यादी पंचनाम्यामुळे त्या बोलण्यात आहे. पण तोवर मावशी कुठे राहणार? नगरला संक्रमण शिबिर नाही. मुलाने बोल्हेगावला खोली घेतली आहे, साडेतीन हजार भाडं. विडीच्या मजुरीवर साठ रुपयांच्या खोलीतून साडेतीन हजारांच्या खोलीत जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यांचा हक्क कायद्याने जपला, पण घर काही जपता आलं नाही. या कामातली ही तूट मला दर वेळी बोचते.

बोल्हेगावच्या या खोल्या वाड्यांसारख्या नाहीत. एका गुंठ्यावर समोरासमोर आठ खोल्या, दहा बाय दहाच्या, वर पत्रा, टोकाला दोन संडास आणि एक मोरी. राहणारे पाथर्डी-शेवगावचे, जामखेडचे, पलीकडच्या आष्टीचे, अलीकडे बिहार-उत्तर प्रदेशचेही. कुणी कंपनीत कंत्राटावर, कुणी हमाल, कुणी धुणीभांडी करणारी. मालकही फार मोठा माणूस नसतो. नोकरी संपल्यावर मिळालेल्या फंडात त्याने गुंठेवारीतला प्लॉट घेऊन खोल्या काढलेल्या असतात, म्हाताऱ्या वयातलं उत्पन्न तेवढंच. या शहरात गरिबांसाठी भाड्याची घरं कुणी बांधली असतील तर ती या छोट्या मालकांनी. सरकारच्या कुठल्याही यादीत त्यांचं नाव घरं बांधणारे म्हणून नाही.

इथल्या तक्रारी वेगळ्या. आठ खोल्यांना एकच वीजमीटर, आत सबमीटर. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळ्यात कमी, शंभर ते तीनशेचा त्याहून जास्त, तीनशेच्या पुढे आणखी जास्त. एका खोलीत एक बल्ब, एक पंखा, एक मोबाइल. महिन्याला पन्नास-साठ युनिटं. स्वतःचं मीटर असतं तर हे कुटुंब खालच्या दरातच राहिलं असतं. पण आठ खोल्यांची युनिटं एका मीटरवर जमली की आकडा चारशेच्या पुढे जातो, आणि शहरातल्या सगळ्यात कमी वीज वापरणाऱ्या माणसांना बंगलेवाल्यांचा दर पडतो. मालकाने एक पैसा वर घेतला नाही तरी हे होतंच. वीज कायद्यात जागेचा मालक किंवा ताबा असणारा, दोघांनाही जोडणी मागता येते. मालकाचं ना हरकत पत्र नाही म्हणून वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. भाडेकरूला हे सांगितलं की तो विचारतो, “मॅडम, अर्ज केला आणि मालकाने खोली खाली करायला सांगितली तर?” या प्रश्नाला माझ्याकडे कायद्यातलं उत्तर आहे, पण संध्याकाळपर्यंत दुसरी खोली शोधून देणारं उत्तर नाही. म्हणून अशा ठिकाणी मी नोटीस काढत नाही. आधी मालकाला चहाला बोलावते.

अशाच एका बैठकीत एका मालकाने आठ खोल्यांना वेगळी मीटरं घ्यायला संमती दिली. भाडेकरूंनी अनामत आपापली भरायची, वायरिंगचा खर्च मालकाने करायचा. त्याचं म्हणणं होतं की दर महिन्याला युनिटांवरून होणारी भांडणं त्यालाही नकोच होती. मला वाटतं, छोट्या मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून या शहरातली एकही खोली वाचणार नाही. मात्र पाणी बंद करणं, वीज तोडणं, सामान बाहेर टाकणं याला माफी नाही. अत्यावश्यक सेवा तोडणं हा भाडे कायद्याखाली गुन्हा आहे आणि तिथे मी चहा पाजत नाही.

करारनाम्याची गोष्ट आणखी अवघड. महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल केला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि मालकाला दंड होऊ शकतो. आपल्याकडे मात्र स्टँपपेपरवर नोटरी केली की झालं, अशी समजूत घट्ट बसली आहे. धुणीभांडी करणारी एक ताई मुलीच्या शाळाप्रवेशासाठी आली होती. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचा फॉर्म भरायचा होता. बोल्हेगावच्या पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो, पण नोंदणीकृतच. तिच्याकडे नोटरी होती. मालक नोंदणीला तयार नव्हता, घरपट्टी वाढेल ही त्याची भीती. शिवाय खर्च कुणी करायचा?

तो खर्च मी मांडून दाखवते, कारण यात बदल करणं खरोखर सोपं आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे अडीच हजारांच्या खोलीला शंभराच्या आसपास. ते रास्त आहे. पण महापालिका हद्दीत नोंदणी फी सरसकट १,००० रुपये. पन्नास हजार भाड्याच्या बंगल्याला हजार आणि दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीलाही हजार. त्यात ऑनलाइनचा खर्च आणि एजंटाचे पैसे धरले की गरिबाचं एक महिन्याचं भाडं कागदावरच जातं. पाच हजारांच्या आतल्या भाड्याची नोंदणी फुकट करा, आणि असा करार करणाऱ्या मालकाची घरपट्टी त्या कारणाने वाढणार नाही असं महापालिकेने लिहून द्या. या दोन गोष्टींनी बोल्हेगावच्या निम्म्या खोल्या तरी कागदावर येतील अशी माझी खात्री आहे. कागदावर आल्या की तिथल्या पोरांच्या शाळा, रेशन, मतदार यादी हे सगळंच पुढे सरकतं.

खोली मिळण्याआधीचा अडथळा तर भाडे कायद्यात कुठेच मांडलेला नाही. आडनाव विचारून ‘खोली गेली’ म्हणून सांगणं. मुसलमान, पारधी, नवऱ्याने टाकलेली बाई, एचआयव्हीसह जगणारा माणूस. या लोकांना तीच खोली पाचशे जास्त देऊन, जास्त डिपॉझिट भरून घ्यावी लागते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण नकाराबद्दल तोही काही बोलत नाही.

घरकुल योजनांना माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. नगरमध्येच संजयनगरचं काम आहे. महापालिका, स्नेहालय, कम्युनिटी डिझाइन एजन्सी आणि करी स्टोन फाउंडेशन यांनी मिळून २९८ कुटुंबांच्या वस्तीची जागच्या जागी नवी घरं उभी करायला घेतली, रहिवाशांशी बोलून, मध्ये अंगणं ठेवून. माणसांना शहराबाहेर न फेकता घर देता येतं हे तिथे दिसतं. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांच्या संघटनेने २००६ मध्ये दहा हजार घरांची वसाहत उभी केली आणि पुढे रे नगरमध्ये तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला. तोफखान्यातल्या विडीवाल्या बायका त्याबद्दल नात्यातल्या लग्नाबद्दल बोलावं तशा बोलतात. पण ही सगळी मालकीची घरं. ज्याच्याकडे स्वतःचा हिस्सा भरायला पैसे नाहीत, कर्जाला पगारपत्रक नाही, किंवा जो ऊसतोडीचा हंगाम संपला की सहा महिन्यांसाठीच शहरात येतो, त्याला मालकीच्या घराचा उपयोग काय? त्याला भाड्याचीच खोली हवी.

शंभर वर्षांपूर्वी सरकारने मुंबईत बीडीडी चाळी बांधल्या, २०७ इमारती, कामगारांना भाड्याने देण्यासाठी. व्हिएन्ना शहराने त्याच सुमाराला तसंच सुरू केलं आणि आजही तिथली नगरपालिका सुमारे सव्वादोन लाख घरांची घरमालक आहे. आपण मात्र भाड्याचं सरकारी घर ही कल्पनाच मागे टाकली. अलीकडे पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आला आहे, राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही भाड्याच्या घरांचा विचार आहे. मोठ्या गृहप्रकल्पात २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा नियम दहा लाखांवरच्या शहरांसाठी केला गेला, नगर त्यात बसत नाही. आपल्याएवढ्या शहरांचं हे नेहमीचं आहे: मोठ्या शहरांच्या योजनेला शहर लहान पडतं, आणि खेडं म्हणावं तर मोठं.

म्हणून मी मोठ्या योजनेची वाट बघत बसायचं नाही असं ठरवलं आहे. महापालिकेला आमची लेखी मागणी साधी आहे. धोकादायक इमारतींच्या यादीत आज मालकाचं नाव आणि घर क्रमांक असतो. तिथे आणखी तीन रकाने वाढवा: भाडेकरूचं नाव, ताब्यातलं क्षेत्र, चालू भाडं. नोटीस निघाल्यावर नव्हे, आधीच. उत्तर यायचं आहे. तोवर विधी महाविद्यालयातली काही मुलं आणि मी रविवारी वाड्यांमधून फिरतो, टेप आणि छापील तक्ता घेऊन. नालेगाव झालं आहे, माळीवाडा अर्धा झाला आहे. मालक हजर असेल तर त्यालाही सही मागतो. काही जण देतात.